शिशाचा शेजारी, जुलाबाचा वैरी

आवर्त सारणीतली एक ओळ बघा. ८१ व्या घरात थॅलियम, ८२ व्या घरात शिसं, ८४ व्या घरात पोलोनियम. थॅलियम एके काळी उंदीर मारायच्या औषधात घालत. शिशाने रंगातून, पेट्रोलमधून आणि नळांतून किती मुलांच्या मेंदूचं नुकसान केलं, त्याचा हिशेब अजून संपलेला नाही. पोलोनियमचा तर डोळ्यांना न दिसणारा कणही माणसाचा जीव घेऊ शकतो. आणि मधल्या ८३ व्या घरात? तिथे बिस्मथ. त्याच्या उभ्या रांगेत डोक्यावर अँटिमनी आणि आर्सेनिक. म्हणजे डावीकडे विष, उजवीकडे विष, वरही विष. आणि हा पठ्ठ्या मात्र सव्वादोनशेहून जास्त वर्षं औषधाच्या कपाटात मानाने बसलेला आहे!

जिनिव्हाचे डॉक्टर लुई ओडिए यांनी १७८६ मध्ये अपचनाच्या रोग्यांना बिस्मथ देऊन त्याची सविस्तर नोंद केली. रोगाला जंतू कारणीभूत असतात, हे तेव्हा वैद्यकशास्त्राच्या गावीही नव्हतं. औषध आधी आलं, शत्रू कोण हे शंभर वर्षांनी कळलं, आणि औषध शत्रूला नेमकं कसं मारतं याचा उलगडा आजही चालू आहे. बिस्मथची गोष्ट मला आवडते ती यासाठीच.

विरघळत नाही, म्हणून बाधत नाही

जड धातू घातक ठरतो तो रक्तात उतरल्यावर. बिस्मथची औषधात वापरली जाणारी संयुगं पाण्यात जवळजवळ विरघळतच नाहीत. जुलाबावर सगळ्यात प्रसिद्ध असलेलं बिस्मथ सबसॅलिसिलेट घ्या. ते गिळल्यावर जठरातल्या आम्लात त्याचे दोन भाग होतात. एक सॅलिसिलिक आम्ल, म्हणजे अ‍ॅस्पिरिनच्याच घराण्यातला पदार्थ. तो जवळजवळ पूर्णपणे रक्तात शोषला जातो. दुसरा भाग बिस्मथ ऑक्सिक्लोराइडचा. तो आतड्यातच राहतो. गिळलेल्या बिस्मथपैकी एक टक्काही रक्तात जात नाही. बाकी सगळं आतड्यातून खाली सरकत राहतं, आणि जुलाबाच्या जंतूंचा मुक्काम नेमका तिथेच असतो.

जाता जाता: हेच बिस्मथ ऑक्सिक्लोराइड लिपस्टिक आणि नेलपॉलिशला मोतिया झळाळी देतं. युरोपात बायका पूर्वी ते पांढरी पावडर म्हणून चेहऱ्याला लावत. हवेत गंधकाचा अंश असला की ही पावडर काळवंडायची. याच काळवंडण्याची गाठ पुढे जिभेवर पडणार आहे.

गुलाबी बाटली

विसाव्या शतकाच्या तोंडावर अमेरिकेतल्या शहरांत उन्हाळा आला की तान्ही मुलं जुलाब-उलट्यांनी दगावत. घरोघरी फ्रिज नव्हते, दूध पाश्चराइज केलेलं नसे, आणि गरीब वस्त्यांत पाण्याची स्वच्छता बेताचीच. या रोगाला तिकडे ‘कॉलरा इन्फँटम’ म्हणत. पटकीशी त्याचा संबंध नव्हता, पण आईबापांना धास्ती तेवढीच होती. त्यावर न्यूयॉर्कमधल्या एका डॉक्टरने एक मिश्रण तयार केलं. त्यात बिस्मथ, पेप्सिन, जस्ताचा क्षार, विंटरग्रीनचं तेल आणि गुलाबी रंग होता. मागणी इतकी वाढली की १९०१ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या नॉर्विच गावच्या नॉर्विच फार्माकल कंपनीने ते बनवायला घेतलं. १९१९ मध्ये त्याचं नाव पेप्टो-बिस्मॉल झालं. पेप्सिन पुढे वगळलं गेलं. नावातलं ‘पेप्टो’ राहिलं आणि गुलाबी रंगही राहिला.

विंटरग्रीनचा वास कसा असतो? दुखऱ्या गुडघ्याला चोळायच्या मलमाचा जो ठसठशीत वास घरात दरवळतो ना, तोच. त्यातलं मेथिल सॅलिसिलेटही त्याच सॅलिसिलेट घराण्यातलं.

न्यू जर्सीला किंवा कॅलिफोर्नियात मुलांकडे राहायला गेलेल्या आपल्याकडच्या आईवडिलांना ही बाटली तिथल्या कुठल्याही दुकानात मांडलेली दिसते. आपल्याकडे घराघरात तिची ओळख नाही. आपल्याला बिस्मथ भेटतं ते बहुतेक वेळा कोलॉइडल बिस्मथ सबसायट्रेटच्या गोळीतून. जठराच्या अल्सरसाठी पोटाचे डॉक्टर ती चिठ्ठीवर लिहून देतात.

सशाचं आतडं आणि कोलकात्याचा माणूस

बिस्मथ कुणाशी लढतं हे समजायचं तर आधी कोलकात्याला जायला हवं.

ई. कोलाय हा जंतू टिओडोर एशेरिश यांनी १८८५ मध्ये लहान मुलांच्या विष्ठेतून शोधून काढला. आपल्या सगळ्यांच्या आतड्यात तो असतो आणि बहुतेक वेळा गुण्यागोविंदाने नांदतो. मग त्याच्याच काही जातींमुळे पाण्यासारखे जुलाब कसे होतात? या प्रश्नाच्या उत्तराची वाट कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी मोकळी केली. १९५३ मध्ये त्यांनी एक साधी पण अचूक पद्धत बसवली. सशाच्या लहान आतड्याचा छोटासा भाग दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधायचा आणि त्या बंद कप्प्यात जंतू सोडायचे. दुसऱ्या एका कप्प्यात तुलनेसाठी नुसता द्रव. एका दिवसाने पोट उघडून बघायचं. जंतू सोडलेला कप्पा पाण्याने टम्म फुगलेला असायचा, शेजारचा रिकामा, सपाट. जुलाबातलं पाणी कुठून येतं ते असं उघड्या डोळ्यांनी दिसलं.

१९५६ मध्ये डे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलाबाच्या रोग्यांमधले ई. कोलाय याच पद्धतीने तपासले. काही जाती पटकीच्या जंतूसारखंच आतडं फुगवत होत्या. १९५९ मध्ये त्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की पटकीचे जंतू गाळून टाकले तरी उरलेल्या द्रवाने आतडं फुगतं. म्हणजे जंतू एक विष बाहेर सोडतो आणि खरा घात ते विष करतं. एवढं मोठं काम केलेल्या या माणसाला १९७८ मध्ये नोबेल परिसंवादाचं निमंत्रण आलं. भारतात मात्र १९८५ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्यांची फारशी कदर झाली नाही. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्यांचं नाव यायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

असं विष सोडणाऱ्या ई. कोलायच्या जातींना आज ‘ईटीईसी’ म्हणतात. हे विष आतड्याच्या पेशींचा आतला इशारा बदलून टाकतं. पेशी क्लोराइड बाहेर टाकू लागतात, क्लोराइडमागे सोडियम, आणि त्यामागे पाणी. जंतू पेशी फोडत नाही, रक्त काढत नाही. तो नुसता नळ उघडा ठेवतो.

पुढे १९७७ मध्ये ह्यूस्टनच्या संशोधकांनी ई. कोलाय आणि पटकी या दोन्ही जंतूंची कच्ची विषं सशाच्या आतड्यात सोडून बघितली. बिस्मथ सबसॅलिसिलेटमुळे त्यांचा जोर कमी झाला. कोलकात्यात घडलेली पद्धत टेक्सासमध्ये बिस्मथची परीक्षा घेत होती!

मेक्सिकोची उन्हाळी शाळा

परदेशी गेलेल्या पाहुण्याचं पोट बिघडलं की त्याला प्रवाशांचा अतिसार म्हणतात. इंग्रजी बोलणाऱ्यांनी त्याला प्रत्येक देशात नवं टोपणनाव दिलं. मेक्सिकोत ‘माँटेझुमाचा सूड’, आपल्याकडे ‘दिल्ली बेली’. त्याच नावाचा सिनेमाही २०११ मध्ये येऊन गेला. या दुखण्याला जे जंतू जबाबदार असतात त्यांत ईटीईसी अगदी पुढे.

ह्यूस्टनचे डॉ. हर्बर्ट ड्यूपाँट यांच्या डोक्यात एक सरळ विचार आला. दर उन्हाळ्यात अमेरिकन विद्यार्थी शिकायला मेक्सिकोत जातात, आणि जवळजवळ ठरल्यासारखे आजारी पडतात. मग औषधाची परीक्षा घ्यायला याहून चांगली जागा कुठली? १९८० मध्ये त्यांनी १२८ विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना बिस्मथचं गुलाबी औषध, निम्म्यांना तसंच दिसणारं नुसतं पाणचट द्रावण. ६० मिलिलिटर, दिवसातून चार वेळा, तीन आठवडे. नुसतं द्रावण घेणाऱ्यांपैकी ६१ टक्क्यांना जुलाब झाले. बिस्मथ घेणाऱ्यांपैकी २३ टक्क्यांना.

आकडा झकास, पण दिवसाला पाव लिटर औषध सामानात घेऊन कोण फिरणार? म्हणून पुढे गोळ्यांवर प्रयोग झाले. १९८७ च्या अभ्यासात दिवसाला सुमारे २.१ ग्रॅम औषध घेणाऱ्यांना ६५ टक्के संरक्षण मिळालं, निम्मा डोस घेणाऱ्यांना ४० टक्के. अमेरिकेची आरोग्य यंत्रणा प्रवाशांना आज सांगते की बिस्मथने जुलाबाची शक्यता साधारण निम्मी होते. प्रतिजैविकांनी संरक्षण जास्त मिळतं, हे खरं. पण धडधाकट माणसाने सहलीसाठी प्रतिजैविक घ्यावं का, या प्रश्नावर तज्ज्ञ आज सरसकट ‘नको’ म्हणतात. त्याचं कारण पुढे येतंच.

जंतूचं काय होतं?

आता खरी गंमत. न विरघळणारी पूड जंतूला मारते तरी कशी?

१९८९ मध्ये सॉक्स आणि ओल्सन या संशोधकांनी ई. कोलाय आणि बिस्मथ सबसॅलिसिलेट एकत्र ठेवून पाहिलं. आधी जंतू बिस्मथच्या कणांना चिकटले. मग मेले. चार तासांत जिवंत जंतूंची संख्या दहा हजार पटींनी घटली. जंतूंच्या आवरणालाही इजा होत असावी, असा अंदाज त्यांनी बांधला. पेशीचं इंधन म्हणजे एटीपी, त्याचा साठाही उतरला. इंधनच संपलेलं, जंतू तग धरणार कसा?

पण आवरण हे एकच लक्ष्य नाही. बिस्मथला गंधकाची भयंकर ओढ आहे. प्रथिनांमध्ये सिस्टीन नावाचं अमिनो आम्ल असतं, आणि त्याच्या टोकाला गंधक. जंतूच्या कितीतरी एन्झाइमांचं काम या सिस्टीनच्या जोरावर चालतं. बिस्मथ तिथे जाऊन बसलं की एन्झाइम ठप्प. शिवाय लोहाचा प्रश्न आहे. जंतूला वाढायला लोह लागतं, आणि बिस्मथ लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनांना चिकटून त्याची रसद अडवतं. जंतूने सोडलेल्या विषालाही ते बांधून ठेवतं. वर सॅलिसिलेटचा भाग वेगळा. तो प्रोस्टाग्लँडिन या रसायनाचं उत्पादन कमी करून आतड्यातून होणारा पाण्याचा पाझर आवरतो. एका गोळीत हे दोन्ही.

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगशाळेतल्या एका अभ्यासात हे औषध आणि त्यातून जठरात बनणारं बिस्मथ ऑक्सिक्लोराइड, दोन्ही वेगवेगळ्या रोगकारकांवर तपासले गेले. साल्मोनेला, शिगेला, ई. कोलायची ओ१५७ ही घातक जात, क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल, या सगळ्यांची वाढ खुंटली. नोरोव्हायरस हा तर जंतू नव्हे, विषाणू. त्याचंही प्रमाण घटलं. काचेच्या नळीतला विजय आतड्यात तसाच्या तसा मिळत नाही, हे ध्यानात ठेवायलाच हवं. तरी यादी दमदार आहे.

अंगवळणी न पडणारं औषध

प्रतिजैविकं साधारणपणे जंतूच्या एखाद्याच नाजूक जागेवर घाव घालतात. जंतूने तेवढी एक जागा बदलली की औषध बोथट. बिस्मथचे घाव मात्र आवरणावर, इंधनावर, एन्झाइमांवर, लोहाच्या रसदीवर, असे एकदम चहूकडून पडतात. सगळ्या जागा एकाच वेळी बदलायच्या तर जंतूला नवा जन्मच घ्यावा लागेल. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरातल्या जंतूवर बिस्मथ कित्येक दशकं वापरात आहे. त्या काळात मेट्रोनिडाझोल आणि क्लॅरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकांना जुमानेनासे झालेले जंतू जगभर पसरले. बिस्मथला पचवणारा मात्र आजवर जवळजवळ दिसलेला नाही.

आणि आता यात आपल्या राजधानीचं नाव येतं. २००८ मध्ये स्वीडनमधल्या भारतीय वंशाच्या एका रुग्णाच्या शरीरात एक जंतू सापडला. रुग्णावर आधी दिल्लीत उपचार झाले होते. कार्बापेनेम ही राखून ठेवलेली प्रतिजैविकंही निकामी करणारं एन्झाइम या जंतूकडे होतं. या एन्झाइमला नाव पडलं एनडीएम-१, त्यातलं ‘एनडी’ म्हणजे ‘न्यू दिल्ली’. शहराचं नाव असं वापरल्यावरून आपल्याकडे मोठा वाद झाला, आणि तो रास्त होता. या एन्झाइमच्या गाभ्यात जस्ताचे दोन अणू असतात आणि त्यांच्या बळावर ते औषध फोडतं. हाँगकाँग विद्यापीठातले होंगझे सुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवलं की कोलॉइडल बिस्मथ सबसायट्रेटमधला बिस्मथचा एक अणू या दोन्ही जस्तांना हुसकावून त्यांची जागा घेतो. एन्झाइम लुळं पडतं आणि हतबल झालेलं प्रतिजैविक पुन्हा कामाला लागतं. हे संशोधन अजून रुग्णांच्या औषधापर्यंत पोचलेलं नाही. पण पोटदुखीची जुनी, स्वस्त गोळी इतक्या मोठ्या संकटात उपयोगी पडू शकते, ही शक्यताच उमेद देणारी आहे.

पर्थचा पेला

अल्सर काळजीने आणि तिखटाने होतो, असं डॉक्टरही एके काळी ठामपणे सांगत. ऑस्ट्रेलियातल्या पर्थचे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी ते खोडून काढलं. १९८२ मध्ये ईस्टरच्या सुट्टीमुळे जंतू वाढवायच्या बशा उबवणीत नेहमीपेक्षा जास्त दिवस राहिल्या आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी पहिल्यांदा उगवला. लोक विश्वास ठेवेनात, म्हणून १९८४ मध्ये मार्शल यांनी तो जंतू असलेलं द्रावण स्वतः प्यायलं आणि जठराला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

या कथेत बिस्मथचं काम फारसं कुणी सांगत नाही. बिस्मथने अल्सर बरे झालेले रोगी पुन्हा कमी आजारी पडतात, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं, पण का ते कळत नव्हतं. मार्शल यांनी दाखवलं की बिस्मथ या जंतूला मारतं. १९८८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या १०० रुग्णांच्या अभ्यासात जंतू तसाच राहिलेल्यांपैकी ८४ टक्क्यांचा अल्सर वर्षभरात उलटला. जंतू गेलेल्यांपैकी फक्त २१ टक्क्यांचा. आजही या जंतूवरच्या भरवशाच्या उपचारात बिस्मथ आहे: आम्ल कमी करणारी गोळी, बिस्मथ, टेट्रासायक्लिन आणि मेट्रोनिडाझोल, असं चौघांचं पथक, दहा ते चौदा दिवस.

जीभ काळी? घाबरू नका

बिस्मथचं औषध घेतलं आणि सकाळी आरशात जीभ कोळशासारखी काळी दिसली, तर पोटात धस्स होतं. तोंडातल्या जंतूंमुळे लाळेत गंधकाची संयुगं तयार होतात. बिस्मथ त्यांना भेटलं की बिस्मथ सल्फाइड, म्हणजे काळीकुट्ट पूड. आतड्यातही हेच घडतं, म्हणून विष्ठा काळी होते. औषध थांबवल्यावर काही दिवसांत दोन्ही पूर्ववत.

एक सावधगिरी मात्र हवीच. जठरात रक्तस्राव झाला तरी विष्ठा काळी होते, डांबरासारखी चिकट आणि उग्र वासाची. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळपट होतो. म्हणून डॉक्टरकडे जाल तेव्हा काय काय गिळलं आहे ते सगळं सांगा.

याच गंधकप्रेमाचा आणखी एक फायदा. पोटातल्या वायूला सडक्या अंड्याचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडमुळे. अमेरिकेत मिनिआपोलिसच्या मायकेल लेव्हिट यांच्या गटाने १९९८ मध्ये दाखवलं की काही दिवस बिस्मथ सबसॅलिसिलेट घेतल्यावर विष्ठेतून निघणारा हा वायू ९५ टक्क्यांहून जास्त घटतो. आयुष्यभर वायूच्या संशोधनाला वाहून घेतलेला हा शास्त्रज्ञ. विषय कुणालाही हसू आणणारा, काम मात्र चोख.

पटापट

बिस्मथ २७१ अंशांना वितळतं आणि गोठताना पाण्याच्या बर्फासारखं फुगतं. बहुतेक धातू आकसतात.

वितळलेलं बिस्मथ सावकाश निवू दिलं तर पायऱ्यापायऱ्यांचे चौकोनी स्फटिक बनतात. गुलाबी, निळे, सोनेरी! हे रंग धातूचे नव्हेत. वर चढलेल्या ऑक्साइडच्या पातळ थरात प्रकाश खेळतो, त्याचे.

शतकभर लोक त्याला ‘किरणोत्सर्ग नसलेलं सगळ्यात जड मूलद्रव्य’ म्हणत होते. २००३ मध्ये फ्रान्सच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की ते किरणोत्सर्गी आहे, पण अतिमंद. त्याचं अर्धं आयुष्य १९ वर अठरा शून्यं इतकी वर्षं. विश्वाच्या वयाच्या अब्जपटीहून जास्त. औषध घेणाऱ्याने याची चिंता करू नये.

१८९६ मध्ये हार्वर्डचा विद्यार्थी वॉल्टर कॅनन याने बिस्मथ खाऊ घातलेल्या हंसाच्या लांब मानेतून घास उतरताना क्ष-किरणांनी पाहिला. पोटाच्या क्ष-किरण तपासणीची ती सुरुवात. आज आपण बेरियम पितो, आधी बिस्मथ प्यायचे. बदल का झाला? तेव्हा बिस्मथ सबनायट्रेट वापरत, आणि आतड्यातले जंतू त्यातल्या नायट्रेटचं विषारी नायट्राइट करत. काही रोग्यांचा त्यात जीव गेला.

पेनिसिलिन येण्याआधी, १९२१ पासून, उपदंशावर बिस्मथची इंजेक्शनं देत. आणि नाकाच्या शस्त्रक्रियेनंतर कान-नाक-घसा तज्ज्ञ जी पिवळी, औषधी वासाची पट्टी भरतात, तिच्यातल्या ‘बिप’ मलमाचा पहिला घटक बिस्मथच. हे मलम पहिल्या महायुद्धातल्या जखमांसाठी तयार झालं होतं.

फ्रान्सने दिलेली ताकीद

विष नसलेली वस्तूही वाटेल तशी घेतली तर विष होते. १९७० च्या दशकात फ्रान्समध्ये लोक बद्धकोष्ठासाठी बिस्मथची संयुगं, विशेषतः सबनायट्रेट, रोज कित्येक ग्रॅम, महिनोन्‌महिने घेत. मग माणसं अडखळत चालू लागली, हातपाय झटके देऊ लागले, भ्रम होऊ लागला. नोंदवलेल्या ९४२ रुग्णांपैकी ७२ दगावले. बिस्मथ थांबवल्यावर बहुतेक बाकीचे सावरले. फ्रान्सने बिस्मथवर कडक बंधनं आणली. म्हणून प्रवासात संरक्षणासाठी घेतानाही तीन आठवड्यांची मर्यादा पाळायला सांगतात.

सॅलिसिलेटचीही पथ्यं आहेत. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे औषध घेऊ नये. कांजिण्या किंवा फ्लू झालेल्या मुलांना सॅलिसिलेटने राय सिंड्रोम हा गंभीर आजार होण्याचा धोका असतो. बारा वर्षांखालच्यांना तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते देऊ नये, असं बाटलीवर लिहिलेलं असतं. तान्ह्या बाळांसाठी जन्मलेलं औषध आज बाळांनाच वर्ज्य आहे. घरात मांजर असेल तर तिलाही देऊ नका. सॅलिसिलेट तिच्या यकृताला झेपत नाही. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक चालू असेल तर दोन्ही एका वेळी घेऊ नका, बिस्मथ त्याला आतड्यातच अडकवून ठेवतं.

आपल्या घरात

बिस्मथ जंतू मारतं, पण जुलाबात माणूस जातो तो अंगातलं पाणी आणि क्षार गेल्याने. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमधल्या बोनगावला आले आणि पटकी पसरली. सलाइन अपुरं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ते नातेवाइकांच्या हाती दिलं. छावणीतलं मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्याही खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

तेव्हा बिस्मथचं कौतुक मनात ठेवा, पण जुलाब लागले की पहिला हात ओआरएसच्या पाकिटाकडे जाऊ द्या. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला त्यासोबत रोज २० मिलिग्रॅम जस्त, १४ दिवस. शौचातून रक्त पडत असेल, ताप चढला असेल, मूल सुस्तावलं असेल किंवा लघवी कमी झाली असेल तर घरगुती उपायात वेळ न घालवता दवाखाना गाठा. पाकीट २०.५ ग्रॅमचं असेल तर ते एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात अख्खं घाला, अर्धं नाही, चमच्याच्या अंदाजाने नाही. आणि २४ तासांनंतर उरलेलं ओतून द्या, नवं करा.